ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घरचे फोटो बघताय? ते कुठं कुठं राहतात आणि साफ कसे करायचे ते सांगतो

मागच्या जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, संपून आठवडा झाला असेल, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून फोन आला, टॅली (बिलांचं-हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडेना, बिलं अडकलीत, लवकर या. मी सोलापुरात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, एएमसी म्हणतात ते काम, त्यामुळं असे फोन रोजचेच. आत शिरलो तर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर एका बाईच्या डोहाळजेवणाचे फोटो एकामागून एक सरकत होते, हिरवी साडी, फुलांचे दागिने, बायका ओटी भरतायत, आणि समोर एक सुताचे व्यापारी, दोन टेम्पोवाले आणि कुरिअरचा पोरगा, बिल होईपर्यंत तेच बघत उभे.

बिलिंगच्या अक्का आतून आल्या, बघितलं, काही बोलल्या नाहीत, माऊस हलवला तसे फोटो गेले. त्यांच्या धाकट्या बहिणीचे फोटो होते ते. झालं असं होतं की एक दिवस त्यांचं मशीन बंद होतं म्हणून काउंटरच्या मशीनवर त्यांनी व्हॉट्सॲप वेब लावलं, बहिणीनं पाठवलेले फोटो मोठ्या स्क्रीनवर नीट दिसतील म्हणून सेव्ह केले, ते पिक्चर्स फोल्डरमध्ये गेले, आणि काढायचे राहिले. त्या मशीनचा स्क्रीनसेव्हर कुणीतरी कधीतरी 'फोटोज' वर ठेवलेला. विंडोजच्या त्या स्क्रीनसेव्हरला आपण वेगळं फोल्डर दाखवलं नाही तर तो पिक्चर्समधलेच फोटो फिरवतो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, कुणी काही चोरलं नाही, कुणी हॅक केलं नाही. तरी त्या बहिणीचे फोटो अनोळखी माणसांनी बघितले ते बघितलेच, आणि ती बिचारी त्या वेळी घरी बसलेली, तिला पत्ताच नाही.

मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं. फोटो आपल्या मोबाईलमध्ये असला म्हणून तो एकट्या आपला नसतो, त्यात बायको असते, पोरगी असते, वहिनी असते, आजारी आई असते, त्यांनी आपल्यावर भरवसा ठेवून फोटो काढू दिलेला असतो. ऑफिसच्या मशीनवर तो उघडायचा का नाही हे ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून हे सगळं बैजवार लिहितोय, थोडं लांबेल पण कामाचं आहे.

आधी फोटो राहतो कुठं ते समजून घ्या

बऱ्याच लोकांना वाटतं की मी फक्त बघितला, सेव्ह कुठं केला, मग राहील कसा. राहतो. विंडोज प्रत्येक फोटोचं छोटं रूप बनवून स्वतःकडं ठेवतं, फोल्डर उघडल्यावर जे बारके बारके फोटो दिसतात ना, तेच. त्याला थंबनेल कॅश म्हणतात. तुम्ही पेनड्राईव्ह लावला, फोल्डर उघडून दोन मिनिटं फोटो बघितले, पेनड्राईव्ह काढून खिशात घातला, तरी त्या फोल्डरमध्ये जे जे दिसलं त्याची छोटी रूपं मशीनमध्ये असतात. मूळ फोटो डिलीट केला तरी ती लगेच जात नाहीत. साध्या माणसाला ती सापडणार नाहीत हे खरं, पण ज्याला बघायचंच आहे त्याला फुकटची सॉफ्टवेअर मिळतात.

दुसरी जागा म्हणजे 'रिसेंट'. फाईल एक्सप्लोरर उघडला की नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादी समोरच येते. तुमच्या नंतर त्या खुर्चीवर जो बसेल त्याला 'बाळंतपण हॉस्पिटल' किंवा 'पप्पा ऑपरेशन' अशी नावं आपोआप दिसतात, फोटो उघडला नाही तरी नावावरूनच पुष्कळ कळतं. आणि आपल्याकडच्या किती ऑफिसात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं सांगा? मी जातो तिथं बहुतेक ठिकाणी एकच युजर असतो, नाव 'ॲडमिन' नाहीतर दुकानाचं नाव, पासवर्ड नाही, आणि असलाच तर मॉनिटरला चिकटवलेला.

तिसरी जागा डाउनलोड्स. व्हॉट्सॲप वेबवरून, जीमेलवरून जे काही सेव्ह केलं ते तिथं साचतं. मी मशीन फॉरमॅट करायच्या आधी डेटाचा बॅकअप घेतो तेव्हा डाउनलोड्समध्ये ऑफिसच्या पीडीएफ कमी आणि घरचे फोटो, आधार कार्ड, मुलीचा बायोडेटा हेच जास्त असतं. मी ते उघडत नाही, पण कॉपी तर माझ्या हार्डडिस्कवर होतेच ना, आणि सगळेच माझ्यासारखे उघडत नसतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वनड्राईव्हचं वेगळं, ती मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फायली ठेवायची जागा, क्लाउड म्हणतात ते. ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर आपोआप कंपनीच्या क्लाउडवर जायची सोय त्यात असते, आणि कितीतरी ठिकाणी ती चालू असते. म्हणजे तुम्ही डेस्कटॉपवर फोटो टाकला, संध्याकाळी डिलीट केला, तरी मधल्या वेळात तो वर जाऊन बसला. कंपनीच्या वनड्राईव्हवर डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये साधारण 93 दिवस राहते आणि ॲडमिनला ती परत काढता येते. पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम जुळे सोलापुरात घरी बसून लॅपटॉपवर करणारी पोरं-पोरी आता खूप आहेत, लॅपटॉप घरातच असतो म्हणून तो आपलाच वाटायला लागतो. तो आपला नाही हे आधी डोक्यात पक्कं करा.

आणि कॉपी-पेस्ट. क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर विंडोजचं बटण दाबून व्ही दाबा, शेवटच्या 25 गोष्टी दिसतात, कॉपी केलेले फोटो आणि स्क्रीनशॉटसुद्धा.

डी ड्राईव्ह शेअर असणं, हा सगळ्यात मोठा घोळ

बाहेरच्या लेखांमध्ये बॉस बघतो, कंपनी बघते एवढंच सांगतात, पण आपल्या छोट्या ऑफिसात खरा धोका मला वेगळाच दिसतो. टॅलीचा डेटा सगळ्यांना मिळावा म्हणून कुणीतरी पूर्वी अख्खा डी ड्राईव्ह नेटवर्कवर शेअर करून ठेवलेला असतो, 'एव्हरीवन' ला परवानगी देऊन, आणि तो तसाच वर्षानुवर्षं राहतो. तुम्ही आपलं 'पर्सनल' नावाचं फोल्डर डी मध्ये करता, तुम्हाला वाटतं माझ्या मशीनमध्ये आहे, आणि गोडाऊनच्या मशीनवर बसलेला पोरगा 'नेटवर्क' वर क्लिक करून ते सरळ उघडू शकतो. वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडं आहे त्याच्या लॅपटॉपवरूनसुद्धा, जर पासवर्डशिवाय शेअरिंग चालू ठेवलेलं असेल तर. होटगी रोडच्या बाजूला एका ऑफिसात मी असंच एका साहेबांच्या घरच्या लग्नाचं पूर्ण फोल्डर चार मशीनवर कॉपी झालेलं बघितलंय, कुणी मुद्दाम घेतलं नव्हतं, रोज रात्री बॅकअप सगळ्या डी ड्राईव्हचा चालायचा तेवढंच.

तपासायचं कसं ते सांगतो. 'धिस पीसी' उघडा, डी ड्राईव्हवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, मग शेअरिंगचा टॅब. तिथं 'शेअर्ड' लिहिलेलं दिसलं तर समजा की त्यातलं तुमचं एकट्याचं नाही. स्वतःहून बंद करू नका, सगळ्यांची टॅली बंद पडेल आणि तुमच्यावर येईल, फक्त आपले फोटो तिथून उचला आणि कॉम्प्युटरवाल्याला सांगा की ड्राईव्ह नको, टॅलीच्या डेटाचं तेवढं फोल्डर शेअर कर. पाच मिनिटांचं काम आहे.

याच्याच जोडीला एनीडेस्क, म्हणजे लांब बसून आपलं मशीन बघायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर अडलं की सपोर्टवाला म्हणतो एनीडेस्कचा नंबर द्या, आपण देतो, आणि त्याला आपली पूर्ण स्क्रीन दिसते. त्या वेळी मागं व्हॉट्सॲप वेब उघडं असतं, डेस्कटॉपच्या वॉलपेपरवर पोरांचा फोटो असतो. त्यातही कायमचा पासवर्ड सेट करून ठेवला असेल तर तो माणूस आपण जेवायला गेल्यावरही आत येऊ शकतो. नंबर द्यायच्या आधी सगळं बंद करायची सवय लावा, काम झालं की एनीडेस्क पण बंद करा.

मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना पण तसंच, पूर्ण स्क्रीन नको, तेवढी एकच विंडो निवडा, नाहीतर एक्सेल दाखवता दाखवता कोपऱ्यात घरचा मेसेज फोटोसकट उगवतो.

कंपनी काय काय बघू शकते

मोठ्या कंपनीत असाल तर हे वाचा. कंपनीच्या मशीनवर नजर ठेवायची सॉफ्टवेअर असतात, ती दर थोड्या वेळानं स्क्रीनचा फोटो काढतात, कुठली साईट किती वेळ उघडी होती ते लिहून ठेवतात, काहींमध्ये टाईप केलेलं पण जातं. अशा ठिकाणी तुम्ही फोटो सेव्ह केला का नाही याला अर्थच उरत नाही, स्क्रीनवर आला म्हणजे नोंद झाली.

इनकॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोवर, फार विसंबू नका. त्यानं फक्त त्या ब्राउझरमधली हिस्टरी राहत नाही, डाउनलोड केलेला फोटो मशीनवर राहतोच, आणि ऑफिसच्या नेटवर्कवर कुठली साईट उघडली ते दिसतंच. काही कंपन्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटच्या दारावरच्या पहारेकऱ्यात, असं करतात की कुलपाचं चिन्ह दिसत असलं तरी आतला मजकूर त्यांना वाचता येतो, कारण त्यांनी आपलं सर्टिफिकेट आधीच मशीनमध्ये टाकलेलं असतं. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाबा, मेनूत सगळ्यात खाली 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसलं तर तो ब्राउझर कंपनीच्या ताब्यात आहे.

कायद्यानं चालतं का हे असं पण लोक विचारतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलंय, पण 2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात नोकरीच्या कारणासाठी, मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती हाताळायला वेगळी संमती लागत नाही अशीही तरतूद आहे. जॉइनिंगच्या वेळी आपण न वाचता सही केलेल्या कागदात 'कंपनीची उपकरणं तपासली जातील' असं वाक्य बऱ्याचदा असतं, एकदा काढून वाचा. माझं मत विचाराल तर हक्काची भांडणं नंतर, आधी फोटो तिथं जाऊच द्यायचे नाहीत.

मग करायचं काय

सरळ उपाय एकच, घरचे फोटो आपल्या मोबाईलवर बघायचे, आणि नेट पण आपलंच वापरायचं. ऑफिसच्या वायफायवर मोबाईल असला तर फोटो त्यांना दिसत नाही, पण कुठल्या साईटवर गेलात ते दिसू शकतं. मोबाईलमध्ये कंपनीचं ॲप टाकून 'वर्क प्रोफाईल', म्हणजे कामाचा वेगळा भाग, केलेला असेल तर त्या भागात घरचं काही ठेवू नका.

मोबाईल चार्जिंगला ऑफिसच्या मशीनच्या यूएसबीला लावता ना, ते आधी बंद करा, भिंतीतल्या प्लगला लावा. अँड्रॉइडला लावल्यावर 'फाईल ट्रान्सफर' विचारलं तर नाही, फक्त चार्जिंग. आयफोन विचारतो 'या कॉम्प्युटरवर भरवसा ठेवायचा का', तिथं पण नाही म्हणा. एकदा हो म्हणलात आणि वनड्राईव्हमध्ये उपकरणातले फोटो उचलायची सोय चालू असली तर सगळा कॅमेरा रोल वर जायला वेळ लागत नाही.

केबलनं कॉपी केलेल्या मूळ फोटोत अजून एक गोष्ट असते, लोकेशन. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठं काढला, कधी, कुठल्या मोबाईलनं, हे सगळं फोटोच्या पोटात लिहिलेलं असतं, म्हणजे घराच्या गच्चीवर काढलेल्या फोटोतून घराचा पत्ता जातो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर हे निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं. विंडोजमध्ये फोटोवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खाली ही माहिती काढायची लिंक असते.

कधीतरी अडचण खरी असते, साहेबांना गड्ड्याचे बाराबंदीच्या पोशाखातले फोटो दाखवायचेत, नाहीतर पोराच्या ॲडमिशनला फोटो बारीक करायचाय आणि घरी कॉम्प्युटर नाही. तेव्हा लागेल तो एकच फोटो पाठवा, अख्खा पेनड्राईव्ह नको, काम झालं की खाली सांगतो तसं लगेच साफ करा. झेरॉक्सच्या दुकानात पण हेच धोरण ठेवा, तिथल्या व्हॉट्सॲपवर फोटो आणि आधार पाठवून प्रिंट घेतली की समोर उभं राहून डिलीट करून घ्या, लाजू नका, चांगला दुकानदार राग मानत नाही.

आधीच उघडून झाले असतील तर या क्रमानं साफ करा

क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक आधी फोटो डिलीट करायला धावतात आणि दार उघडंच ठेवतात.

आधी मोबाईल हातात घ्या. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा, मोबाईलशिवाय आणखी 4 ठिकाणी व्हॉट्सॲप चालू राहू शकतं, त्यात ऑफिसचं मशीन दिसलं तर तिथूनच लॉग आउट करा. मोबाईल बंद केला की वेब बंद होतं ही जुनी गोष्ट, आता मोबाईल बंद असला तरी चालूच राहतं. मग गुगल अकाउंट, त्यात सिक्युरिटी, त्यात 'युअर डिव्हायसेस', जे मशीन आपलं नाही तिथून साईन आउट. शंका असेल तर पासवर्डही बदला.

इथं एक गोष्ट जीव तोडून सांगतो. ऑफिसच्या मशीनवर गुगल फोटोज उघडं दिसलं म्हणून घाबरून तिथले फोटो डिलीट करू नका, ते मोबाईलमधून पण जातात. फक्त साईन आउट करायचं. एका ताईंनी असे मुलाचे दोन वर्षांचे फोटो उडवले होते, ट्रॅशमध्ये होते म्हणून परत मिळाले.

आता मशीन. डाउनलोड्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डी ड्राईव्ह, चारही ठिकाणी बघा, पिक्चर्समधलं स्क्रीनशॉट्सचं फोल्डर विसरू नका. आपले फोटो निवडून शिफ्ट दाबून डिलीट करा, रिसायकल बिनही बघा. वनड्राईव्ह असेल तर त्याच्या वेबसाईटवर जाऊन तिथलं रिसायकल बिन वेगळं रिकामं करावं लागतं. मग सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाईल्स, तिथं 'थंबनेल्स' वर टिक करून काढा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' चाही चौकोन असतो, त्याला टिक असेल तर ती टिक काढून टाका, नाहीतर ऑफिसच्या फायलीही जातील. फाईल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये प्रायव्हसी म्हणून भाग आहे, तिथं 'क्लिअर' दाबलं की रिसेंटची यादी जाते. क्लिपबोर्ड हिस्टरीत 'क्लिअर ऑल'. ब्राउझरची हिस्टरी आणि कॅश. शेवटी स्क्रीनसेव्हर 'नन' किंवा 'ब्लँक'.

एवढं करून पण जुन्या हार्डडिस्कवरून डिलीट केलेलं परत काढता येतं, एसएसडीवर, म्हणजे नव्या प्रकारच्या चिपवाल्या डिस्कवर, ते बरंच अवघड होतं. आणि बॅकअपमध्ये गेलेलं तुमच्या हातात नाही, त्यासाठी जो बॅकअप सांभाळतो त्यालाच सरळ सांगावं लागेल की माझे घरचे फोटो चुकून गेलेत, काढ. मला असं कुणी सांगितलं तर मी त्यांच्यासमोर बसून काढतो, कुठलाही प्रामाणिक माणूस काढेल. कंपनीची शिस्त कडक असेल, चौकशी वगैरे चालू असेल तर मात्र स्वतःच्या मनानं साफसफाई करू नका, पुरावा मिटवला असा अर्थ निघतो, आयटीवाल्यांना लेखी विचारून करा.

नोकरी सोडताना हे सगळं शेवटच्या दिवसाच्या आधी करा. शेवटच्या दिवशी बऱ्याचदा सकाळीच लॉगिन बंद होतं.

कुणी फोटो उचलून पसरवला तर

गप्प बसू नका आणि रागाच्या भरात समोरच्याशी भांडून त्याला डिलीट करायला वेळ पण देऊ नका. आधी स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, नंबर हे सगळं जपून ठेवा. परवानगी नसताना शरीराच्या खासगी भागाचा फोटो काढणं किंवा पसरवणं यावर आयटी कायद्याचं कलम 66 ई आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नॅशनल सायबर क्राईम रिपोर्टिंग पोर्टलवर महिला आणि मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देता पण करता येते, आणि सोलापूर शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणं आहे तिथं प्रत्यक्ष जाता येतं. तसले फोटो इंटरनेटवर जातील अशी भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' नावाची साईट 18 वर्षांवरच्यांसाठी आहे, ती फोटो मागत नाही, तुमच्याच मोबाईलवर फोटोचा एक सांकेतिक ठसा बनवते आणि तेवढाच फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी देते म्हणजे तो फोटो कुणी चढवायला गेला तर त्यांना ओळखता येतो. 18 च्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' आहे.

त्या दिवशी टॅली चालू करून झाल्यावर मी मालकांना सांगितलं की काउंटरच्या मशीनला प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करून देतो, त्यांनी लगेच हो म्हणलं, चाळीस मिनिटं लागली, डी ड्राईव्हचं शेअरिंग पण काढून टॅलीच्या फोल्डरपुरतं ठेवलं. अक्का शेजारी उभ्या राहून एकेक फोटो जाताना बघत होत्या. मग हळूच विचारलं, बहिणीला सांगू का नको, तिला सातवा चाललाय, उगाच मनाला लावून घेईल. मी म्हणलो सांगा, तिचे फोटो आहेत, पण सगळं काढलंय हे आधी सांगा. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.